इंजिन बदललं, ब्रेक जुनेच

ज्यांचं बालपण तालुक्याच्या गावी गेलं, त्यांना मामलेदार कचेरीसमोर उभी असलेली जीप आठवत असेल. तिचं बॉनेट उंच होतं, एखाद्या मोठ्या कपाळाच्या माणसासारखं. युद्धाच्या सिनेमात दिसणारी जीप मात्र बुटकी आणि सपाट बॉनेटची. लहानपणी मला वाटायचं, आपली जीप सरकारी आहे, साहेबाची आहे, म्हणून तिचं कपाळ उंच. खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. कारण होतं इंजिन.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. बार्नी रूस या इंजिनिअरनं विलीजचं जुनं ४८ अश्वशक्तीचं इंजिन घासूनपुसून ६० पर्यंत आणलं होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला असत, त्यामुळे ते बसकं होतं. १९५० मध्ये कंपनीनं इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह इंजिनाच्या डोक्यावर नेले. लिटर तेवढेच राहिले, ताकद सत्तरच्या पुढे गेली; पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग १९५३ च्या सीजे-३बी या जीपचं बॉनेटच वर उचललं गेलं. हीच जीप मुंबईच्या महिंद्रा कंपनीनं परवाना घेऊन पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे बनवली. मामलेदारांच्या जीपचं ते उंच कपाळ असं आलं.

हे सांगायचं कारण एवढंच, की इंजिन बदलणं ही गोष्ट कधीच इंजिनापुरती राहत नाही. बॉनेट बदलावं लागलं हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं पुष्कळ असतं. ते न बघितल्याची एक हकिगत आमच्या घरात घडली. तीच आज सांगणार आहे.

त्याच पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनावर विलीज कंपनीनं १९५६ च्या अखेरीस एक मालवाहू पिकअप आणली. तिचं नाव एफसी-१५०. रेखाटन ब्रूक्स स्टीव्हन्स या नामवंत डिझायनरचं. या गाडीला पुढे नाक नव्हतं. ड्रायव्हर इंजिनाच्या वरच बसायचा आणि केबिनच्या मधोमध इंजिनाचं झाकण उंटाच्या मदारीसारखं वर आलेलं असायचं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर फक्त ८१ इंच. त्यामुळे गाडी आखूड, वळायला सोपी, आणि तरीही मागे हौदा ऐसपैस. पण सगळा भार पुढे आल्यानं रिकामी गाडी नाकावर जड व्हायची. म्हणून विलीजनं मागच्या बाजूला चासीवर चक्क एक लोखंडी वजन बसवलं होतं. गाडी आणि माल मिळून वजनाची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांपेक्षा थोडी जास्त. यातलं गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर मालासाठी एक टनसुद्धा उरत नव्हता.

अमेरिकेत या जातीच्या गाड्या तीसेक हजार निघाल्या आणि १९६५ मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं. तिकडे थांबलं त्याच सुमाराला ते आपल्याकडे सुरू झालं. मग पिकअप, मिनीबस, रुग्णवाहिका अशा नाना रूपांत ही बिननाकाची गाडी आपल्या रस्त्यांवर फिरू लागली.

त्यातलीच एक, तिसऱ्या हाताची, माझ्या मामूंनी १९८० च्या सुमारास घेतली. मामू चिपळूणचे. जाताना सुकी मासळी, मोसमात आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाटानं कराडला जायचं आणि येताना गुळाच्या ढेपा, कांदे, भाजी घेऊन खाली उतरायचं, हा त्यांचा धंदा. सुटीत मीही बरोबर जायचो. इंजिनाच्या झाकणावर गोणपाटाची घडी घालून माझी जागा. थंडीत ती जागा स्वर्गासारखी आणि मे महिन्यात तव्यासारखी.

पोफळी मागे पडली, की गाडीचा आवाज बदलायचा. वरचे गिअर गळून पडायचे आणि मग सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये. रेडिएटर उकळायचा. क्लीनर पोरगा हातात दगड घेऊन मागून चालत यायचा आणि गाडी थांबली, की चाकामागे दगड टाकायचा. पाणी ओतायचं, इंजिन थंड होईपर्यंत बिडी ओढायची, की पुन्हा चढ. पेट्रोल किती जायचं त्याचा हिशेब मामू वहीत लिहायचे आणि वही मिटताना एक सुस्कारा टाकायचे.

‘गाडीत दम नाही,’ असं आमच्या घरी सगळेच म्हणत. आज विचार करतो तेव्हा वाटतं, हे म्हणणं अन्यायाचं होतं. ज्या गाडीला टनभरसुद्धा माल घालायचा नाही, तिच्यात आम्ही दीड-दोन टन भरत होतो. गाडी नेमून दिलेलं काम चोख करत होती. भूक आमची मोठी होती.

त्या काळात असे हिशेब लिहून सुस्कारे टाकणारे मामू एकटे नव्हते. १९७३ च्या अखेरीस तेल निर्यातदार देशांनी भाव वाढवले आणि दोन-तीन महिन्यांत कच्चं तेल जवळपास चौपट महागलं. १९७९ मध्ये इराणमधल्या उलथापालथीनंतर दुसरा दणका बसला. आपल्याकडे सरकार डिझेलचा भाव मुद्दाम पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवत असे, कारण ट्रक, एसटी आणि शेतातली इंजिनं त्याच्यावर चालत. शिवाय तेवढ्याच इंधनात डिझेल गाडी जास्त अंतर जाते. त्यामुळे गावोगावच्या गॅरेजांत एकच उद्योग सुरू झाला. जुन्या गाडीतलं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि डिझेल इंजिन चढवायचं. ॲम्बेसेडरमध्ये, जीपमध्ये, पिकअपमध्ये.

ही कल्पना काही आपल्या मिस्त्रींनी शून्यातून काढली नव्हती. इंग्लंडमधल्या पीटरबरो या गावी फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली तीच मुळी या विचारानं. त्या वेळी डिझेल इंजिन म्हटलं की धूड. ते जहाजात नाहीतर कारखान्यात शोभायचं. पर्किन्स आणि त्यांचे इंजिनिअर चार्ल्स चॅपमन यांनी ट्रकमधल्या पेट्रोल इंजिनाच्या जागी मावेल असं वेगानं फिरणारं डिझेल इंजिन बनवायला घेतलं. १९३७ मध्ये त्यांचं सहा सिलिंडरचं पी-६ आलं. युद्धानंतर कितीतरी पेट्रोल ट्रकांचं पोट रिकामं करून त्यात हे इंजिन बसवलं गेलं. त्याच कुटुंबात तीन सिलिंडरचं पी-३ आणि चार सिलिंडरचं पी-४ होतं. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं ही इंजिनं भारतात बनवली आणि ‘पर्किन्स’ हा शब्द आपल्या गॅरेजांत मराठी होऊन गेला.

जीपच्या जन्मदात्या कंपनीलाही हे पटलं होतं. विलीजची मालकी पुढे कायझर यांच्याकडे गेली. त्यांनी १९६१ पासून सीजे-५ या जीपमध्ये १९२ घनइंचांचं, म्हणजे ३.१ लिटरचं पर्किन्स डिझेल द्यायला सुरुवात केली. त्याचे आकडे बघण्यासारखे आहेत. पेट्रोल इंजिन पंचाहत्तर अश्वशक्तीचं, तर हे मोठं डिझेल फक्त ६२ चं. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, हा तोट्याचा सौदा. पण डिझेलची ओढ, चाक फिरवण्याचा जोर, सुमारे पावपट जास्त होता आणि तोही इंजिन संथ फिरत असताना मिळत होता. घोडा आणि बैल यांच्यातला फरक आहे तो. सपाटीवर घोडा पुढे जाईल. पण चिखलात रुतलेली गाडी काढायला आपण बैलच जुंपतो.

मामूंनीही बैल जुंपायचं ठरवलं. एका कंडम झालेल्या गाडीतलं चार सिलिंडरचं पर्किन्स त्यांना भंगारात मिळालं. कराडजवळच्या एका मिस्त्रींकडे गाडी गेली. साल १९८२. मी अकरा-बारा वर्षांचा होतो आणि सुटी होती, म्हणून पंधरा दिवस त्या गॅरेजात बसून हे सगळं पाहिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुनं काढलं आणि नवं ठेवलं, झालं. तसं नसतं. पहिली अडचण इंजिन आणि गिअरपेटी यांच्या लग्नाची. दोघांच्या तोंडांवरची बोल्टांची भोकं वेगळी. त्यासाठी मध्ये जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. ही प्लेट मिस्त्रींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून आणली. आधी पुठ्ठ्याला काळं ग्रीस लावून दोन्ही तोंडांचे ठसे घेतले, ते एकावर एक ठेवून मध्यबिंदू काढला. हा मध्य केसाएवढा जरी चुकला तरी शाफ्टवर आडवा ताण येतो, गिअर आपोआप सुटतो, बेअरिंग ओरडायला लागतं. मिस्त्रींनी ती प्लेट तीनदा बसवून तीनदा काढली. मी कविता लिहायला लागलो तेव्हा एखादी ओळ परत परत खोडताना मला ती प्लेट आठवायची.

दुसरी अडचण फाउंडेशनची. डिझेल इंजिन जड आणि हादरे देणारं. जुन्या रबरांवर ते ठेवलं असतं तर महिन्याभरात चासीला चीर गेली असती. नवे ब्रॅकेट वेल्डिंग करून लावले. तिसरी गोष्ट, सुरू करायची. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून तापवावी लागते. तो दाब मोडून इंजिन फिरवायला मोठा स्टार्टर आणि मोठी बॅटरी हवी. चौथी, रेडिएटर वाढवला. पाचवी, इंजिन उंच, म्हणून केबिनमधली ती मदार पत्रा ठोकून आणखी वर नेली. माझी बसायची जागा गेली.

एक गोष्ट मिस्त्रींनी जाणूनबुजून तशीच ठेवली. या गाडीच्या मागच्या आसाचा हिशेब असा होता, की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायचा. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घ्यायचं, डिझेल दोन-सव्वादोन हजारांवर थांबायचं. म्हणजे सपाटीवर गाडी साठच्या वर जाणार नव्हती. ‘तुमास्नी घाट चढायचाय का शर्यत लावायचीय?’ असं मिस्त्रींनी विचारलं आणि तो विषय संपला.

पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन घाट चढलो तो दिवस मला लख्ख आठवतो. पोफळी गेली. आवाज बदलला नाही. केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नव्हतं, सगळ्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, एखाद्या हट्टी माणसासारखी वर गेली. क्लीनर पोरगा दगड मांडीवर घेऊन बसला होता. वर पोचल्यावर त्यानं तो दगड दरीत भिरकावला आणि आम्ही सगळे हसलो.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री मामूंना जे म्हणाले होते ते मात्र आम्ही विसरलो. ते म्हणाले होते, ‘भाई, बैल नवा जुंपला, पण लगाम जुनाच हाय. ब्रेक अन् पाटे बी करून टाकू. आठ दिस अजून ऱ्हाऊ द्या गाडी.’ मामूंचे पैसे संपले होते. आंब्याचा मोसम तोंडावर होता. ते म्हणाले, ‘सीझन होऊ दे मिस्त्री, मग करू.’

मिस्त्री चौथी शिकलेले. पण ते जे सांगत होते तेच मोठमोठ्या कंपन्यांचा इतिहास सांगतो. विलीजलाही १९५७ मध्ये याच पिकअपमध्ये मोठं, १०५ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन घालायचं होतं. त्यांनी ते आखूड गाडीत कोंबलं नाही. चाकांमधलं अंतर ८१ इंचांवरून साडेएकशेतीन इंच केलं, आस मजबूत केले, वजनाची मर्यादा ७,००० पौंडांवर नेली आणि त्या गाडीला नावही वेगळं दिलं, एफसी-१७०. पुढे १९६५ च्या सुमारास सीजे-५ जीपमध्ये ब्युइकचं १६० अश्वशक्तीचं व्ही-६ इंजिन आलं, तेव्हा गिअरपेटीही बदलावी लागली. कारखान्यात हा हिशेब मांडायला माणसं असतात, चाचणीचे रस्ते असतात. गॅरेजात हिशेब मिस्त्रीच्या डोक्यात असतो आणि पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात. त्यातला अर्धाच हिशेब पुरा होतो, कारण घाट चढलेला सगळ्यांना दिसतो. उतरण्याचा विचार कोणी करत नाही.

चढताना काम इंजिन करतं. उतरताना ते काम ब्रेकला करावं लागतं. वर नेलेला प्रत्येक किलो खाली आणताना ड्रममध्ये उष्णता होऊन बसतो. आमची गाडी आता पुढून आणखी जड झाली होती. आणि खरं सांगायचं तर इंजिन ओढतंय म्हणून आम्ही माल आणखी वाढवला होता. पूर्वी गाडी चढच चढत नसे, त्यामुळे भरण्याला आपोआप मर्यादा होती. इंजिनाचा अशक्तपणा हाच त्या गाडीचा एक प्रकारचा ब्रेक होता. तो आम्ही काढून टाकला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, कराडहून गूळ भरून येताना, घाटाच्या अर्ध्या उतारावर ब्रेकचं पेडल खाली खाली जायला लागलं. ड्रम तापून धूर येत होता. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरात गाडी घेता येईना, वेग वाढला होता. मामूंनी दरीकडची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगावर घातली. त्या क्षणी सुचलेला तो शहाणपणा आमच्या कुटुंबावरचा मोठा उपकार आहे. गाडी कड्याला घासत घासत थांबली. मामू वाचले. मी त्या खेपेला शाळेमुळे घरी होतो. क्लीनर पोरगा डाव्या बाजूला, दार धरून बसला होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. एक शब्द बोलले नाहीत. गाडी ओढून नेली, मोठ्या गाडीचे ड्रम बसवले, ब्रेकचे पाइप नवे टाकले, पाटे वाढवले. मजुरी घेतली नाही. मामूंनी नंतर कितीतरी वेळा ती द्यायचा प्रयत्न केला. मिस्त्री म्हणायचे, ‘मी गाडी दिली तवाच माझी चूक झाली. द्यायला नको होती.’ आमच्या घरात दोष द्यायला कंपनी होती, रस्ता होता, नशीब होतं. ज्याचा दोष सगळ्यात कमी, त्यानंच तो आपल्याकडे घेतला.

त्या गाडीचं आरसी बुक मामूंच्या मागे माझ्याकडे आलं. गाडीची ओळख दोन नंबरांत असते, चासीचा आणि इंजिनाचा. चासी नंबर तोच आहे. जुन्या इंजिन नंबरावर एक रेघ मारली आहे, वर नवा नंबर, इंधनाच्या रकान्यात डिझेल, शिक्का आणि सही. त्या पंधरा दिवसांचा, त्या तीनदा काढलेल्या प्लेटचा, त्या बोटांचा कागदावरचा इतिहास म्हणजे ही एक रेघ. देशभरच्या गॅरेजांत असे किती बदल झाले असतील! कारखान्यांचे इतिहास छापले जातात. गॅरेजांचे आरसी बुकांच्या रेघांत राहतात आणि गाडी भंगारात गेली की तेही जातात.

तो उद्योग आता जवळपास संपला आहे. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले आणि दोन्हींमधलं अंतर आटलं. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. मोटार वाहन कायद्यात २००० मध्ये दुरुस्ती झाली आणि उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. हौशी लोक या कायद्यावर नाराज असतात. मिस्त्रींच्या हातातलं कसब मला माहीत आहे, त्यामुळे त्यांची नाराजी समजते. पण ती दोन बोटंही मला माहीत आहेत.

आता जुन्या गाडीतलं इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटरी बसवण्याचे मंजूर संच निघाले आहेत. काळ बदलला, पोटात घालायची वस्तू बदलली. प्रश्न तेच आहेत. वजन किती वाढलं? ते कुठे आलं? थांबवणार कोण?

मिस्त्री पुढे पंधरा-वीस वर्षं काम करत होते. इंजिन बदलायला कोणी गाडी घेऊन आला, तो कितीही घाईत असला, तरी ते बॉनेटला हात लावत नसत. गाडीखाली जॅक लावायला सांगत आणि आधी चाक काढून ब्रेक बघत. त्यांच्या हाताखाली तेव्हा एक माणूस असे. चाक काढायचं काम त्याचं. डाव्या हाताच्या तीन बोटांनी तो नट इतक्या झपाट्यानं सोडवायचा, की नवख्या गिऱ्हाइकाच्या लक्षातही यायचं नाही.